आबादानहून आलेले रूपसिंग ड्रायव्हर

पांढरकवड्याहून मुकुटबनला जाणारी सर्व्हिस मोटर सकाळी साडेसातला सुटायची. तिचे ड्रायव्हर रूपसिंग आडे सुटण्याआधीची पाच मिनिटं नुसता आरसा पुसत. डोक्यावरचा तो लहानसा आरसा शिळ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यानं आधी गोल गोल पुसायचा, मग आडवा, मग उभा. कंडक्टर खालून ओरडायचा, "भाऊ, टाइम झाला!" तरी यांचं चालूच. पुसून झालं की आरशात एकदा सगळ्या मोटरवरून नजर फिरवायची, कोण कुठं बसलं आहे ते पाहायचं आणि मगच चावी लावायची.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. १९५६ च्या जूनमध्ये मुकुटबनच्या शाळेत माझी नेमणूक झाली. आई पांढरकवड्याला असायची, म्हणून शनिवारी घरी यायचं आणि सोमवारी परत जायचं असा माझा नेम होता. ड्रायव्हरच्या मागचा बाक बायकांसाठी राखलेला असे. त्यामुळे पहिले दोन महिने मला रूपसिंगभाऊंची फक्त पाठच माहीत होती. रुंद, ताठ पाठ, खाकी कोट, मानेवर उन्हानं रापलेली घडी. वय पंचेचाळिशीचं असावं. दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यातले, एवढंच कंडक्टरनं सांगितलं होतं. त्यांच्या तोंडून मी ऐकलेले शब्द तीनच. उतरणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ते "आराम से, याडी" म्हणत. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. जात कुठलीही असो, म्हातारी दिसली की ती याडी.

जुलै संपत आला होता. नागपूरचं वर्तमानपत्र आमच्याकडे दुसऱ्या दिवशी यायचं, ते मी मोटरीत वाचत होते. शेजारी बसलेल्या पोस्टमास्तरांच्या पत्नीला मी मोठ्यानं सांगितलं, "मिसर देशानं सुवेझचा कालवा परक्या कंपनीकडून काढून घेतला म्हणे. इंग्लंड-फ्रान्स चिडलेत. त्यांचं सगळं तेल त्याच वाटेनं येतं."

मोटर थांबली. दोन्ही बाजूंना सागाचं रान, ना गाव ना थांबा. कोणी चढेना, कोणी उतरेना. रूपसिंगभाऊ मागं वळले.

"बाई, ते पुन्हा वाचा."

मी वाचलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जहाजं धाडली काय?"

"कोणी?"

"इंग्रजायनं. लढाईची जहाजं. लिवलं हाय काय?"

तसं काही लिहिलेलं नव्हतं. "धाडतीन," ते म्हणाले आणि त्यांनी मोटर चालू केली.

त्या दिवशी मुकुटबनला उतरल्यावर हॉटेलवाल्याकडून मला त्यांची हकिगत कळली. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराचा ट्रक चालवायला इराकात गेले. लढाई संपल्यावर बाकीचे परतले, हे तिकडेच इराणच्या आबादानला राहिले. तिथं इंग्रजांच्या कंपनीचा तेलाचा कारखाना होता. यवतमाळ शहर दोनदा मावेल एवढा, असं हॉटेलवाला म्हणाला. तिथं हे साहेबांची मोटार चालवत. एकावन्न साली इराणनं ते तेल आपल्या ताब्यात घेतलं, इंग्रजांना घालवलं, आणि त्या धामधुमीत हेही परतले. हॉटेलवाल्यानं हे सांगितलं तेव्हा रूपसिंगभाऊ कोपऱ्यातल्या बाकावर चहा पीत होते. बिनदुधाचा काळा चहा, दाढेखाली खडीसाखरेचा खडा. चहा त्या खड्यावरून जात होता. तशी रीत मी आमच्या भागात दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

त्या सोमवारपासून मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं असं ठरूनच गेलं. बातमी वाचून झाली की ते दोन-चार वाक्यं बोलत, तीही समोर बघत. इंजिनाच्या आवाजात ती ऐकायला मला पुढं वाकावं लागे. आबादानची गोष्ट मला अशी, पाठीकडूनच, सोमवारा-सोमवारानं कळत गेली.

"नदीत जहाज उभं होतं बाई, इंग्रजाचं. तोफा आमच्याकडं. जूनपासून उभं. आमी सकाळी गाडी धुवून राह्यलो का समोर तोफ. जेवाले बसलो का समोर तोफ."

"भीती नाही वाटली?"

"पहिले आठ दिवस लय वाटली. मंग सवय झाली. अन् सवय झाली तवाच समजलं का हे आता डागत नाही. तोफेचं असं हाय बाई, डागली नाही तोवर तिले वजन. रोज नुसती दाखवली का तेबी उतरते."

पण त्यांची खरी गोष्ट तोफेची नव्हती. ती पंक्चरची होती. ती त्यांनी मला सलग सांगितली, एकदाच. नाल्याला पूर आला होता आणि मोटर दोन तास अलीकडे अडकून पडली होती, तेव्हा.

त्या उन्हाळ्यात विलायतेहून बोलणी करायला मोठी माणसं आली होती. एका दुपारी रूपसिंगभाऊंच्या मोटारीत मागच्या बाकावर एक इंग्रज साहेब आणि एक इराणी साहेब असे दोघं बसले. कारखाना पाहून विश्रामगृहावर परतायचं होतं. आरशात दोघंही दिसत होते. एक या खिडकीतून बाहेर पाहतो, दुसरा त्या. वाटेत टायर बसला. सावलीला एकच खजुराचं झाड. दोघांना त्याच्याखाली जवळजवळ उभं राहावं लागलं.

"मी जॅक लावला. दहा मिनटाचं काम. पाह्यलं तर इराणी साहेबानं खिशातून लिंबू काढलं, गोड असते तिकडचं, सोललं अन् अर्धं याले देल्लं. यानं घेतलं. मंग याच्या लेकीचं काहीतरी निंगालं, त्याच्या लेकीचं निंगालं. दोघंबी हासले. म्या म्हन्लं, रूपसिंग, आता घाई नोको करू. नट कसला, पुन्हा ढिला केला. पाना हरपला म्हनून गाडीखाली घुसलो. पंचवीस मिनटं लावली बाई. ते बोलूनच राह्यले होते."

"मग?"

"मंग काय! चाक बसलं, हात पुसले. इंग्रज साहेब घडी पाहाले लागला. गाडीत बसले. पुन्हा हा या खिडकीत, तो त्या खिडकीत." पुराच्या पाण्याकडे पाहत ते म्हणाले, "दोन दिवसानं बोलणी मोडली. मले अजून वाटते, आनखी अर्धा घंटा लावाले पायजे होता."

मी हसले. पण ते हसत नव्हते. जगातल्या दोन सरकारांचं भांडण आपल्या हातातला पाना मिटवू शकला असता, असं त्यांना खरंच वाटत होतं असं नाही. पण आपल्या वाट्याचं काम आपण लवकर उरकलं, ही खंत त्यांच्या मनात खरी होती.

शेवटच्या दिवशी त्यांनीच साहेबांचं सामान धक्क्यावर पोचवलं. टेनिसच्या बॅटा, एक कुत्रं, पक्ष्याचा रिकामा पिंजरा. ज्या जहाजाच्या तोफा उन्हाळाभर कारखान्याकडे वळलेल्या होत्या, त्याच जहाजात बसून साहेब निघून गेले. "तोफा तशाच होत्या," ते म्हणाले, "एकबी बार न काढता गेले. हरले, पण मेलं कोनी नाही."

त्या वर्षी ऑक्टोबरपासून आमच्या मोटरीत फार काही घडत होतं. नागपूरला दीक्षा घेऊन माणसं परतत होती. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, आणि बसण्यात एक नवा ताठपणा. नोव्हेंबर लागला तसा आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. आणि त्याच आठवड्यात मी बातमी वाचली की मिसरवर बॉम्ब पडले, इंग्रज आणि फ्रेंच फौजा उतरल्या.

मुकुटबनला उतरताना रूपसिंगभाऊ म्हणाले, "हरले."

"कोण, मिसर? पेपरात तर तसंच दिसतंय."

"नाही बाई. ज्यायनं बार काढला ते."

मला वाटलं, यांना यातलं काही कळलेलं नाही. महिना-दीड महिन्यात त्या फौजा जगापुढं मान खाली घालून परत फिरल्या, तेव्हा मीच त्यांना ती बातमी वाचून दाखवली. त्यांनी "हो" एवढंच म्हटलं. कालव्यात जहाजं बुडवलेली होती, वाट बंद होती. "तेल कोनालेच नाही आता," ते म्हणाले. "आपल्यालेबी नाही पाहा."

आणि तसंच झालं. हिवाळ्यात घासलेट मिळेनासं झालं. सरकारी कारणं काय होती, व्यापाऱ्यांनी किती दडवलं, मला ठाऊक नाही. पण आमच्याकडे त्या काळी खेड्यातला उजेड म्हणजे घासलेटची चिमणी. ती विझली की दिवस मावळताच गाव संपे. शाळेतली पोरं गृहपाठ न करता यायची आणि मला रागवता यायचं नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी मोटरीच्या टपावर मुकुटबनसाठी घासलेटची चार पिंपं चढवली. सोबत तहसिलीतून एक शिपाई दिला होता, बंदूक घेतलेला. विशीतलाच असेल, मिसरूड नुकतं फुटलेलं. तो दारापाशी उभा राहिला आणि बंदुकीचा पट्टा सारखा सारखा नीट करत राहिला.

अर्ध्या वाटेवर नाल्याकाठी एक गाव लागतं. नाव सांगत नाही. तिथं रस्त्यात बैलगाडी आडवी लावलेली होती आणि तिच्यामागं शंभरेक माणसं उभी होती. हातांत काठ्या, दोघा-तिघांकडे कुऱ्हाडी. मोटर थांबते न थांबते तोच एक दगड समोरच्या काचेवर आला. काचेचा तुकडा रूपसिंगभाऊंच्या भुवईला लागला आणि रक्त डोळ्यात उतरलं. मोटरीत बायका किंचाळल्या. शिपायानं बंदूक खांद्याला लावली. बंदुकीचा घोडा चढवल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

रूपसिंगभाऊ उठले, शिपायाजवळ गेले, पण त्याच्या अंगावर ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "बाळा, दिसू दे. लोकायले दिसू दे बंदूक. पण बोट काढ तिथून. एक गोळी सुटली का मंग तुह्यापाशी काही उरत नाही."

पोराचं बोट बाहेर आलं.

मग ते खाली उतरले आणि त्यांनी जमावाशी बोलायचं सोडून सरळ मोटरीचं बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं.

लोक बुचकळ्यात पडले. पुढं उभा असलेला बापूराव, त्या गावचा मातबर शेतकरी, काठी आपटत जवळ आला. "ए डायवर! काय करून राह्यला?"

"मोटर बंद पडली."

"आमाले डरम पायजेत! चारी!"

"घ्या ना. पण मोटर गरम हाय. थोडं पाणी भेटन काय?"

आता पाणी मागितल्यावर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. एक जण बादली आणायला गेला. दुसऱ्यानं रूपसिंगभाऊंच्या भुवईकडे पाहून हळद मागवली. मला आत बसल्या बसल्या पंक्चरची गोष्ट आठवली. मोटरीला काहीएक झालेलं नव्हतं.

हळद लावून घेताना ते बापूरावांना म्हणाले, "काहून अडवली मोटर?"

"रस्ता आमच्या गावातून जाते! आमच्या डोळ्यासमोरून डरम जातेत अन् आमीच अंधारात? तीन हप्ते झाले, गावात थेंब नाही!"

"खरं हाय. रस्ता तुमचा हाय. पण चारी डरम घेतले तर उद्या मोटर येनार नाही, पोलिसांची गाडी येईन. अन् मुकुटबनवाले तुमच्या बाजारच्या गाड्या अडवतीन. मंग तुमच्यापाशी चार डरम अन् बंद पडलेला रस्ता."

तेवढ्यात जमावाच्या मागून एक बाई पुढं आली. चाळिशीची, पांढरं लुगडं नेसलेली. सुभद्राबाई. नागपूरहून परतताना ती आमच्याच मोटरीनं आली होती, म्हणून मी तिला ओळखलं. ती रूपसिंगभाऊंशी नव्हे, बापूरावांशी बोलली.

"डरम उतरलं तर ते तुमच्या वाड्यात जाईन पाटील. आमच्या वस्तीत येईन काय? दोन बायका बाळंत झाल्या या हप्त्यात. म्या चाचपडत नाळ कापली. त्यातल्या एकीची पोर पहाटेच गेली. उजेड असता तर दिसलं असतं मले काय होऊन राह्यलं ते."

दूरवर बादलीचं पाणी घेऊन येणाऱ्या माणसाच्या वहाणा वाजत होत्या, तेवढ्याच.

रूपसिंगभाऊंनी बॉनेट बंद केलं. "एक डरम," ते म्हणाले. "इथंच, मोटरीच्या पायरीवर फोडायचं. घरटी एक बाटली. पहिली बाटली वस्तीले. तीन डरम पुढं जातीन. अन् तुमच्यातले दोघं मायासंग मुकुटबनले येतीन अन् तिथल्या लोकायले सोताच्या तोंडानं सांगतीन का चौथं कुठं गेलं. एक तुमी, पाटील. एक ह्या बाई."

"मी कायले?" बापूराव म्हणाला. "मी जाऊन सांगू का आमी मोटर अडवली म्हनून?"

"मंग काय मी सांगू?"

मागून एक म्हातारा बोलला, "जा ना रे बापूराव. काठी घेऊन येता येते, तोंड घेऊन जाता येत नाही काय?" लोक हसले. त्या हसण्यानंतर काठ्या आपोआप खाली आल्या.

मला हाक आली. मी वहीचं पान फाडलं आणि जसं ठरलं तसं लिहिलं. बापूरावांनी सही केली, सुभद्राबाईनं अंगठा उमटवला. रूपसिंगभाऊ म्हणाले, "मायाबी घ्या," आणि त्यांनीही अंगठा लावला. त्यांना वाचता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. मी सहा महिने त्यांना पेपर वाचून दाखवत होते आणि समजत होते की गाडी चालवत असल्यामुळं ते वाचत नाहीत.

मुकुटबनला काही सगळं गोड झालं नाही. तिथंही लोक सकाळपासून रांगेत उभे होते. तीन पिंपं पाहून गलका झाला. बापूरावाच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी सुभद्राबाईच मोटरीच्या पायरीवर उभी राहून बोलली, गेलेल्या पोरीचंही सांगितलं. रांगेतल्या काही जणांनी शिव्या दिल्या, काही खाली पाहू लागले. पण कोणाच्या अंगावर हात पडला नाही. परतीची मोटर सुटताना मी पाहिलं, बापूराव आणि सुभद्राबाई एकाच बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. तेही त्या काळात थोडं नव्हतं.

मोटरमालकाला मात्र हे पटलं नाही. सरकारी माल ड्रायव्हरनं वाटेत वाटला म्हणून तहसिलीतून त्याला बोलावणं आलं. त्यानं रूपसिंगभाऊंना कामावरून काढलं. दोन महिने ते पांढरकवड्याच्या मोटरस्टँडसमोर, हॉटेलच्या बाकावर बसून असत. मी पेपर घेऊन जायची. एकदा मी रागानं म्हणाले, "तुम्ही त्या लोकांसाठी एवढं केलंत, आणि बघा!"

"कोनासाठी नाही केलं बाई," ते म्हणाले. "त्या पोट्ट्याच्या बोटासाठी केलं. त्यानं बार काढला असता तर जन्मभर त्याले झोप आली नसती. अन् मलेबी."

सही-अंगठ्यांचा तो कागद मी तहसिलीत नेऊन दिला होता. त्याच्यामुळं की काय, प्रकरण पुढं गेलं नाही. मार्चमध्ये मालकानं त्यांना परत बोलावलं. आल्याबरोबर त्यांनी आधी कोणाला नमस्कार केला नाही, आरसा पुसायला घेतला. मधल्या ड्रायव्हरनं त्याला झेंडूची माळ लटकवली होती. ती काढून त्यांनी कंडक्टरच्या हातात दिली.

पुढं दोन वर्षं मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले. मग माझं लग्न झालं, बदली झाली. साठ साली महाराष्ट्र झाला, खाजगी मोटरी गेल्या, सरकारी आल्या. सरकारी नोकरीत त्यांना घेतलं नाही असं ऐकलं, वय जास्त म्हणून. ते तांड्यावर परतले. मी दोन पत्रं पाठवली. ती कोणी वाचून दाखवली असतील की नाही, ठाऊक नाही. उत्तर आलं नाही.

मग सहा-सात वर्षांनी ते मला भेटले. मी दारव्ह्याच्या शाळेत होते, कामानं यवतमाळला निघाले होते. मोटरीत चढले तर खिडकीशी ते बसलेले. कोट नव्हता, धोतर आणि अंगात बंडी. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. यवतमाळच्या दवाखान्यात तो काढायला निघाले होते, सोबत सून होती. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं आणि हसले. "बाई! पेपर आनला काय?"

नव्हता आणला. मी लाजले. पण शाळेतल्या पेपरात कालच वाचलेलं सगळं तोंडानं सांगितलं, कुठं काय पेटलं, कोण कोणाशी बोलणी करतंय. ते मान हलवत ऐकत राहिले. मग त्यांचा डोळा लागला. सुनेनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

यवतमाळच्या अलीकडं डोंगरातला उतार लागला. ड्रायव्हर तरुण होता, वेगात होता. मी समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरली. सहज खाली पाहिलं तर रूपसिंगभाऊंचा उजवा पाय वहाणेतून बाहेर आला होता. डोळे मिटलेले, श्वास संथ. वळण आलं तसा तो पाय मोटरीच्या फळीवर हळूहळू दाबला गेला, अंगठा पांढरा होईपर्यंत. वळण सरलं, पाय वर आला. पुढचं वळण आलं, पुन्हा दाबला गेला. अशी सहा-सात वळणं गेली. सपाटीला लागल्यावर तो पाय सैल पडला आणि सुनेनं वाकून, त्यांना न उठवता, तो पुन्हा वहाणेत सरकवला.